पाळी पुढेमागे होऊ लागली आणि अर्धशिशी वाढली, तर काय काय करायचं

नागपुरात औषधाच्या दुकानात काउंटरच्या या बाजूला रोज उभं राहिलं की काही चेहरे पाठ होतात. डोकेदुखीच्या गोळ्यांचा पत्ता नेणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेल्या बायका फार. पूर्वी महिन्याला एक पत्ता पुरायचा, आता दर आठवड्याला नवा लागतो. "काय होऊन राहिलं कळत नाही ताई, डोकं सुटतच नाही," असं सांगतात. वय विचारलं तर ४३, ४६, ४८. पाळीचं विचारलं की आधी मागे कुणी उभं तर नाही ना, ते बघतात आणि मग हळूच म्हणतात, "मागेपुढे होते आजकाल."

हे दोन त्रास एकमेकांशी जोडलेले आहेत, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. डोक्यासाठी एक डॉक्टर, पाळीसाठी दुसरे, आणि दोघांनी लिहिलेल्या गोळ्या एकाच पिशवीत. फार्मासिस्ट म्हणून मला जे दिसतं आणि वैद्यकाला जे पक्कं ठाऊक आहे, ते मी इथे करायच्या क्रमाने मांडते आहे. यातली कुठलीही डॉक्टरांची गोळी मनाने सुरू करायला किंवा थांबवायला हा लेख वापरू नका. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय सांगायचं आणि काय विचारायचं, त्यासाठी वापरा.

आधी हे समजून घ्या: त्रास कमतरतेचा नाही, चढउताराचा आहे

"या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, म्हणून डोकं दुखतं" असं सर्रास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं बायकांचं हार्मोन, नुसतं कमी असल्याने अर्धशिशी उठत नाही. ते वरून झपकन खाली आलं की उठते. १९७२ साली ब्रायन सॉमरव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पाळीच्या सुमारास अर्धशिशी होणाऱ्या बायकांना पाळीआधी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देऊन पाहिलं. पाळी ठरल्या वेळेलाच आली. अर्धशिशी मात्र इंजेक्शनचा असर उतरेपर्यंत लांबली. म्हणजे डोकं दुखवतो तो रक्तस्राव नव्हे, इस्ट्रोजेनची घसरण.

पाळी नियमित असते तेव्हा ही घसरण महिन्यातून एकदा, साधारण ठरलेल्या दिवशी होते. म्हणून बऱ्याच जणींचं डोकं पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत दुखतं. चाळिशीनंतर अंडाशयाचं काम बेभरवशाचं होतं. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन तरुणपणापेक्षाही वर चढतं आणि धाडकन कोसळतं, पुढच्या महिन्यात उठतच नाही, तिसऱ्या महिन्यात दोनदा वरखाली होतं. मे महिन्यात आपल्याकडे व्होल्टेज जसं नाचतं, तसं. घरातला फ्रिज कमी व्होल्टेजपेक्षा त्या नाचण्यानेच लवकर बिघडतो. अर्धशिशीचा मेंदू जन्मतःच जरा हळवा असतो, त्याला कुठलाच झटका सोसत नाही. त्यात रात्री अंगातून गरम वाफा निघतात, झोप मोडते, आणि अपुरी झोप हे अर्धशिशीचं आणखी एक कारण होऊन बसतं.

यातला दिलासा असा की हे कायमचं नाही. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. हा चढउताराचा काळ त्याआधी काही वर्षं चालतो, कुणाचा दोन-तीन, कुणाचा सात-आठ. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर इस्ट्रोजेन खालच्या पातळीवर स्थिरावतं आणि बहुतेकींची अर्धशिशी हळूहळू उतरते. लगेच नाही, वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. तेव्हा आपलं काम एवढंच: ही मधली वर्षं शरीराचं कमीत कमी नुकसान करून काढायची.

पहिली पायरी: हे पित्त आहे की अर्धशिशी?

आपल्याकडे बरीच अर्धशिशी पित्ताच्या नावावर खपते. डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी झाली की बरं वाटतं, म्हणजे पित्तच, अशी समजूत. काही बायका तर घशात बोटं घालून उलटी काढतात. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे खाल्लेलं तसंच पडून राहतं. उलटीनंतर झोप लागते आणि डोकं उतरतं, पण त्याचं श्रेय पित्ताला देऊ नका. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊनही डोकं तसंच राहतं, ते यामुळेच.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. डोकं दुखताना उजेड नकोसा होतो का? मळमळतं का? गेल्या तीन महिन्यांत डोक्यामुळे एखादा दिवस तरी काम टाकून पडून राहावं लागलं का? तीनपैकी दोनांचं उत्तर "हो" असेल तर अर्धशिशीची शक्यता बरीच आहे. शिवाय दुखणं ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतं, ठणकतं, जिना चढताना वाढतं, बहुधा एका बाजूला असतं. दोन्ही बाजूंना दुखलं तरी अर्धशिशी असू शकते, हे लक्षात ठेवा.

काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येतात, मधला भाग दिसेनासा होतो, किंवा हाताला मुंग्या येऊन त्या सावकाश तोंडाकडे सरकतात. याला ऑरा म्हणतात. तो पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहतो. तुम्हाला ऑरा येतो की नाही हे वहीत ठळक लिहून ठेवा. पुढे हार्मोनच्या गोळ्यांचा निर्णय बराचसा याच एका गोष्टीवर ठरणार आहे.

दुसरी पायरी: धोक्याच्या खुणा, ज्यात थांबायचं नाही

पाळीच्या वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नये असं बरंच काही असतं. मिनिटाभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं अशी डोकेदुखी. ताप आणि आखडलेली मान. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यात १०८ ला फोन करा. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे "थोडं पडून पाहते" म्हणत बसायचं नाही. ऑरा हळूहळू पसरतो, लकवा एकदम येतो, हा फरक खरा. पण तशी लक्षणं पहिल्यांदाच येत असतील तर फरक ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी अर्धशिशी धरून चालायची नाही. त्यात वेणी घालताना कानशिलाशी दुखत असेल, भाकरी चावताना जबडा भरून येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानशिलाच्या धमनीला सूज येण्याचा एक आजार आहे. त्यात वेळेवर उपचार झाले नाहीत तर नजर जाऊ शकते. एक डोळा लाल, दुखरा आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील तर काचबिंदूची शंका धरून डोळ्यांचा दवाखाना. खोकताना किंवा वाकताना वाढणारी, आठवड्यागणिक चढत जाणारी डोकेदुखी, किंवा आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं, हेही याच यादीत.

उन्हाळ्यात आणखी एक. "ऊन लागलं" म्हणून कांदा उशाशी ठेवून झोपवलेल्या बाईला ताप चढला, ती असंबद्ध बोलू लागली, तर ते उष्माघाताचं लक्षण आहे. तिचं अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

तिसरी पायरी: भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने नोंद

यासाठी मोबाइलचं ॲप लागत नाही. स्वयंपाकघरात टांगलेलं कालनिर्णय आणि दोरीला बांधलेली पेन्सिल पुरते. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब आपण लिहितोच, त्याखाली हे लिहा: पाळी असेल तर "पा". डोकं दुखलं तर "डो" आणि पुढे १, २ किंवा ३. १ म्हणजे काम करता आलं, ३ म्हणजे अंथरूण धरलं. डोकेदुखीची जी गोळी घेतली तिला "गो" आणि किती ते. वाफा आल्या तर "वा". झोप मोडली तर "झो".

एखादं पान असं दिसेल. २ तारखेला "झो वा", ३ तारखेला "डो३ गो२", ४ तारखेला "डो२ गो१ पा". मग आठवडाभर काही नाही. १३ तारखेला "वा वा झो", १४ तारखेला "डो३ गो३". तेवढ्यात पुन्हा "पा", ती खरं तर पंधरा दिवस आधीच. अशी तीन पानं समोर ठेवली की जे डॉक्टरांना पाच मिनिटांत सांगता येत नाही ते ती पानं सांगतात. दुखणं पाळीला धरून आहे की झोपमोडीला? पाळी किती दिवसांनी येते? आणि गोळ्यांचे दिवस किती?

रक्तातलं इस्ट्रोजेन किंवा एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) तपासून घ्यायचं का, असं बऱ्याच जणी विचारतात. पंचेचाळिशीनंतर साधारणपणे गरज नसते. पातळी रोज बदलते, त्यामुळे आजचा रिपोर्ट पुढच्या मंगळवारी खोटा ठरतो. त्याऐवजी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, बीपी मोजा आणि चष्म्याचा नंबर पाहून घ्या. या वयात पाळीला जास्त जाऊन रक्त कमी झालेलं असतं आणि तेही डोकं दुखवतं. तपासणीत डॉक्टरांना काही वेगळं आढळलं नाही तर एमआरआयचीही बहुधा गरज नसते. मनाची भीती जावी म्हणून ते हजारो रुपये घालू नका.

चौथी पायरी: गोळ्यांचे दिवस मोजा

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

डोकेदुखीची गोळी जास्त दिवस घेतली की तीच डोकेदुखी निर्माण करते. साध्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस. आणि ट्रिप्टान व अर्गोटामिन ही अर्धशिशीची खास औषधं, किंवा दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस. असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की पहाटेच डोकं धरून उठायची सवय लागते. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. इथे गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवसात तीन घेतल्या तरी दिवस एकच.

दुकानात विनाचिठ्ठीच्या मागणीत सगळ्यात जास्त त्रास देतात त्या कॅफिन घातलेल्या आणि अर्गोटामिनच्या गोळ्या. "तीच पिवळी द्या, तिनेच उतरतं." उतरतं हे खरं, पण अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार, वाढलेलं बीपी, हातापायाचा रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांना ते चालत नाही. घसा बसला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर त्याच्यासोबत तर मुळीच नाही. त्या दोन औषधांनी हातापायांची बोटं काळी पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

महिन्यातले दिवस दहाच्या पुढे जात असतील तर गोळी कशी सोडवायची हे डॉक्टरांसोबत ठरवा. सोडताना पहिला आठवडा-दहा दिवस डोकं जास्त दुखतं. घरी कुणी जास्तीचं माणूस असेल, परीक्षा-लग्नकार्य नसेल, असा काळ निवडा.

पाचवी पायरी: झटका आला त्या दिवशी

गोळी लवकर घ्यायची. "पाहू, आपोआप उतरेल" म्हणत दुपार काढली की पोट काम करेनासं होतं आणि मग गोळी घेतली तरी ती नीट शोषली जात नाही. दुखणं सौम्य आहे तोवर, भरपूर पाण्यासोबत, पूर्ण मात्रेत. किडनी, पोटाचा अल्सर किंवा बीपीचा त्रास नसेल तर डॉक्टर बहुधा नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम देतात, सोबत मळमळीवर डॉमपेरिडोन. ज्यांना ते चालत नाही त्यांना पॅरासिटामॉल १ ग्रॅम. त्याने भागलं नाही तर ट्रिप्टान, म्हणजे सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम किंवा रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम. बीपीची प्रोप्रॅनोलॉल ही गोळी सुरू असेल तर रिझाट्रिप्टानची मात्रा निम्मी. हृदयविकार, लकवा किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान नाही, आणि अर्गोटामिन घेतल्यापासून २४ तासांत नाही. या वयात बीपी आणि साखर नव्याने सापडते, म्हणून "बहिणीची गोळी मला चालली" हा हिशेब सोडून द्या.

अंधारी खोली, कपाळावर गार पाण्याची पट्टी, घट्ट बांधलेला रुमाल, आलं घातलेला चहा. हे सगळं करा, गोळीला त्याची अडचण नाही. बाम लावायला हरकत नाही, पण वासाने मळमळत असेल तर सोडा.

सहावी पायरी: नागपूरचं हवामान आणि आपलं वेळापत्रक

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास घुटमळतो तेव्हा वाफा येणाऱ्या बाईचे हाल वेगळे सांगायला नकोत. बाहेर जावंच लागलं तर तोंडाला स्कार्फ बांधणं आपल्याकडे सगळ्याच करतात; त्यावर गडद गॉगल घाला, कारण उन्हाचा चटका आणि डांबरावरून येणारी तिरीप हेच पुष्कळदा निमित्त असतं. पाणी तहान लागायच्या आधी प्या. कैरीचं पन्हं, ताक, नारळपाणी चालेल, बीपी असेल तर मीठ सांभाळून. एसीच्या गारठ्यातून एकदम उन्हात जाऊ नका, दाराशी दोन मिनिटं थांबा.

रात्रीची झोप इथे औषधाइतकी महत्त्वाची आहे. कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान काम करतो, पण सीझनच्या सुरुवातीला ताट्या बदला. जुन्या ओल्या ताटीचा कुबट वास डोकं चढवतो. पाऊस सुरू झाल्यावर त्याच कूलरने नुसता दमटपणा वाढतो. तेव्हा त्याचं पाणी बंद करून नुसता पंखा लावा. सुती चादर, उशाशी पाण्याची बाटली, गाऊनचा एक जोड हाताशी. रोज एकाच वेळी झोपा-उठा, रविवारीसुद्धा. रविवारी नऊपर्यंत लोळून दुपारी डोकं धरणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता उपासाचं. हरतालिकेचा निर्जळी, नवरात्राचे नऊ दिवस, दर चतुर्थी, आणि या सगळ्यांत सकाळी चहावर दुपारपर्यंत स्वयंपाक. उपाशी पोट हे अर्धशिशीचं फार जुनं निमित्त आहे. श्रद्धा सोडा असं मी म्हणणार नाही. निर्जळीऐवजी पाणी-फळांवर करा, दर तीन-चार तासांनी दूध, राजगिरा, शेंगदाणे असं काही पोटात जाऊ द्या, चहा-कॉफीची रोजची वेळ चुकवू नका. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर उभं राहणं, फोडणीचा धूर, उदबत्तीचा वास, झोप मोडणं, सगळं एकत्र येतं. पुरण घाटायचं काम त्या वर्षी सुनेला, मुलाला, नवऱ्याला देऊन पाहा.

खाण्यातलं निमित्त प्रत्येकीचं वेगळं. तर्री पोहा किंवा सावजी खाल्लं की डोकं दुखतं असं वाटत असेल तर कॅलेंडरवर लिहून ताडून पाहा; दोन-तीनदा जुळलं तरच बंद करा. बायका आधीच पन्नास गोष्टी सोडून बसलेल्या असतात, त्यात खरं निमित्त झोपेचं निघतं.

मॅग्नेशियम आणि बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन, दोन्ही रोज ४०० मिलिग्रॅमपर्यंत, काहींना उपयोगी पडतात. बी-२ ने लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं आणि किडनीचा आजार असेल तर ते घ्यायचं नाही.

सातवी पायरी: रोजची प्रतिबंधक गोळी

महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस डोकं अंथरुणाला खिळवत असेल तर झटक्याच्या गोळीवर भागत नाही. रोज घ्यायचं औषध लागतं. असर दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणत सोडू नका.

कुठली गोळी, हे तुमच्या बाकीच्या त्रासावर ठरतं आणि इथेच पाळीचं डॉक्टरांना सांगणं उपयोगी पडतं. वाफाही येतात आणि मनही खचलेलं असतं, अशा बाईसाठी व्हेनलाफॅक्सिन एकाच गोळीत बरीच कामं करतं: वाफा कमी होतात, अर्धशिशी उतरते, उदासीला आधार मिळतो. बीपी मात्र तपासत राहावं लागतं आणि गोळी एकदम बंद करायची नसते. झोपच येत नसेल तर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम. तोंड कोरडं पडतं, वजन वाढू शकतं. बीपी असेल तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कॅन्डेसार्टन. दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल नाही. फ्लुनारिझिन आपल्याकडे खूप लिहिली जाते, ती लागू पडतेही, पण वजन वाढतं, उदासी येते आणि वर्षानुवर्षं घेतल्यास हातापायाला कंप सुटू शकतो. ती किती महिने घ्यायची हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

टोपिरामेट या आणखी एका प्रतिबंधक गोळीबद्दल नागपुरात वेगळं सांगावं लागतं. त्याने घाम कमी येऊ शकतो आणि मूतखडा होऊ शकतो. मे महिन्यात घाम न येणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. उन्हाळ्यात ही गोळी सुरू करणार असतील तर डॉक्टरांना तसं विचारा आणि पाणी वाढवा. शिवाय पाळी पुढेमागे होत असली तरी दिवस जाऊ शकतात, आणि टोपिरामेट व व्हॅलप्रोएट या दोन्ही गोळ्या गर्भाला घातक आहेत. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधाची गरज धरतात.

आठवी पायरी: हार्मोन घ्यायचे का

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट, गर्भनिरोधक गोळी. पाळी अनियमित झाली, जास्त जाऊ लागली की ती "नियमित करायला" म्हणून कितीतरी जणींना हीच २१ गोळ्यांची पाकिटं लिहून दिली जातात. तीत इथिनिल इस्ट्राडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं, जोरदार मात्रेत. ऑरा येणाऱ्या बाईला ही गोळी कुठल्याच वयात द्यायची नाही, कारण लकव्याचा धोका वाढतो. ऑरा नसला तरी ३५ नंतर अर्धशिशी असलेल्यांनी ती टाळायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत हे स्पष्ट आहे. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाळीचा त्रास सांगताना पहिल्या वाक्यात "मला अर्धशिशी आहे" आणि असेल तर "डोळ्यांपुढे चमकतं" हे सांगा. त्या विचारतील याची वाट पाहू नका. जास्त जाण्यावर ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, नुसतं प्रोजेस्टेरॉन (पाळीचं दुसरं हार्मोन), किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची साधनं असे मार्ग आहेत.

दुसरी, पाळी जाण्याच्या वयातली हार्मोन उपचारपद्धती, जिला एचआरटी म्हणतात. तीत शरीरात बनतं तसंच इस्ट्राडिऑल, बरंच कमी मात्रेत दिलं जातं. अर्धशिशी असली, ऑरा असला, तरी ती पूर्ण वर्ज्य नाही. पण रूप महत्त्वाचं. तोंडाने घेतलेली गोळी रोज वरखाली करते आणि रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढवते. कातडीवर लावायचं जेल किंवा चिकटपट्टी पातळी सपाट ठेवते, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. जेल आपल्याकडे मिळतं. दंडावर किंवा मांडीवर रोज एकाच वेळी लावायचं, सुकेपर्यंत कपडा लावू नका, उन्हाळ्यात घामाआधी म्हणजे आंघोळीनंतर पंख्याखाली लावा. गर्भपिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं. ते महिन्यातून काही दिवस देण्यापेक्षा रोज दिलं तर डोक्याला जास्त मानवतं, कारण पुन्हा तेच, थांबवलं की घसरण होते. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर रोजच्या मात्रेने मधेच रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे क्रम डॉक्टरच ठरवतील.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल तर एचआरटी बहुधा नाही. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून तिच्या धोक्यांच्या बातम्या आल्यावर जगभर बायकांनी ती सोडली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध तोंडाने घ्यायचं, वेगळ्या जातीचं होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांचा हिशेब वेगळा निघतो. तरी केवळ अर्धशिशीसाठी एचआरटी सुरू करत नाहीत. वाफा, झोपमोड, कोरडेपणा यांचा त्रास असेल आणि सोबत अर्धशिशी असेल, तेव्हा तिचा विचार होतो. सुरू केल्यावर पहिल्यांदाच ऑरा आला किंवा डोकेदुखी वाढली, तर लगेच कळवा. मात्रा किंवा रूप बदलावं लागतं.

नववी पायरी: "पिशवी काढून टाका" याला लगेच हो म्हणू नका

"कटकटच नको" म्हणून गर्भपिशवी काढणं आपल्या राज्यात फार सोपं झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, पण शहरातल्या सुशिक्षित घरांतही हेच चालतं. पिशवी काढल्याने अर्धशिशी जात नाही. उलट, पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं आणि अर्धशिशी बहुधा वाढते. अंडाशयं ठेवून नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचे बदल काही वर्षं आधी येऊ शकतात, आणि पाळी येत नसल्याने आपण नेमके कुठे आहोत ते कळेनासं होतं.

मोठ्या गाठी, कॅन्सर, कशानेच न थांबणारा रक्तस्राव, अशी कारणं असतील तर ऑपरेशन करावंच लागतं. पण त्याआधी तीन प्रश्न विचारा: दुसरा कुठला उपाय करून झाला आहे का? अंडाशयं ठेवणार का? ती काढणार असाल तर नंतर हार्मोनचं काय? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा अपमान नाही. धंतोली-रामदासपेठेत एका रस्त्यावर डॉक्टरांच्या दहा पाट्या आहेत.

दहावी पायरी: कुणाकडे जायचं आणि काय बोलायचं

आधी घरचे डॉक्टर. त्यांना तुमचं बीपी, साखर, जुन्या गोळ्या माहीत असतात. पाळीसाठी नागपुरातल्या डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांची स्त्रीरोग ओपीडी. अर्धशिशी ऐकत नसेल तर मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये न्यूरॉलॉजी. सरकारी ओपीडीला सकाळीच रांग लावावी लागते, डब्बा आणि पाणी सोबत ठेवा, नाहीतर डॉक्टर दिसेपर्यंत डोकं आणखी चढायचं.

कॅलेंडरची तीन पानं, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांचे पत्ते (आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसुद्धा), आणि कागदावर लिहिलेलं एवढं: "वय ४७. पाळी गेल्या वर्षभरापासून १८ ते ५० दिवसांनी. महिन्यात ९ दिवस डोकं दुखतं, ८ दिवस गोळी. ऑरा नाही. रात्री वाफा. बीपीची गोळी चालू." एवढं वाचायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं, आणि उरलेला वेळ तुमच्या प्रश्नांना मिळतो. सोबत नवरा किंवा सासूबाई आत येत असतील आणि पाळीचं बोलायला अवघड वाटत असेल, तर नर्सला सांगून त्यांना बाहेर थांबायला लावा.

मन फार खचलं, रडू आवरत नाही, जगू नये असं वाटायला लागलं, तर तेही सांगा. या काळात ते होतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर

नोंदी थांबवू नका, कारण आता त्या दुसऱ्या कामाच्या. सहा महिने डोकं शांत राहिलं तर प्रतिबंधक गोळी कमी करत बंद करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. कितीतरी बायका आठवणीअभावी ती दहा-दहा वर्षं घेत राहतात. एचआरटी सुरू असेल तर वर्षातून एकदा बीपी, स्तनांची तपासणी आणि मात्रा कमी करायची का याची चर्चा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी सोनोग्राफी करून घ्यायची. काहींना साठीच्या पुढे डोकं न दुखता नुसताच ऑरा येतो. तो लकव्याच्या आधीच्या झटक्यासारखा दिसतो, त्यामुळे पहिल्यांदा आला की त्याच दिवशी दाखवायचं.